अंतर ओळखता येतं, गाण्यातला स्वर मात्र सापडत नाही: कान कसा तयार करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, पेटी शिकायला सुरुवात करून दोन वर्षं झाली. मोबाइलवरच्या ॲपमध्ये दोन स्वर ऐकून ‘मेजर थर्ड’, ‘परफेक्ट फिफ्थ’ अशी उत्तरं बऱ्यापैकी बरोबर येतात. पण भजन किंवा बंदिश लागली की पहिला स्वर कोणता, इथेच गाडी अडते. मध्यम आणि पंचम यांत गोंधळ होतो, उतरती अंतरं तर हमखास चुकतात. तेव्हा असा कान जन्मजातच लागतो का, आणि हे ॲप बंद करावं का?

जन्मजात देणगीचा मुद्दा आधी निकालात काढू. नुसता स्वर कानावर पडताच ‘ही काळी चार’ (म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी) असं सांगणारी माणसं असतात, पण थोडी. आपल्या संगीताला त्या देणगीची गरज नाही, कारण आपला सा हलता आहे. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी काळी पाचमध्ये, आणि यमन दोन्हीकडे यमनच राहतो. आपल्याला हवं ते स्वराचं सा-शी असलेलं नातं ओळखणं, आणि ते ३४ काय, साठीतही शिकता येतं. लहान मुलं लवकर शिकतात हे खरं. पण मोठ्या माणसाला आपण नेमकं काय ऐकतोय हे शब्दांत सांगता येतं, आणि या कामात त्याचा चांगला उपयोग होतो.

तुमची अडचण कानात नाही, सरावाच्या रीतीत आहे. ॲप दर प्रश्नाला नवा पहिला स्वर देतं, त्यावर दुसरा स्वर देतं आणि अंतर विचारतं. मागे तानपुरा नाही, आधीच्या प्रश्नातला स्वर पुढे टिकत नाही. म्हणजे तुम्ही शिकलात ते दोन अनाथ स्वरांमधलं अंतर. गाण्यात स्वर असे येत नाहीत. तिथे सा सतत मनात वाजत असतो आणि प्रत्येक स्वर त्याच्याकडे बघून आपला रंग दाखवतो.

उदाहरणासाठी ॲपमधला ‘माइनर थर्ड’ घ्या, म्हणजे तीन अर्धस्वरांचं अंतर (पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर). सा ते कोमल ग हे अंतर तेवढंच. पण रे–म, ग–प, ध–सां (सां म्हणजे वरचा, तार सा), आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला नी ते रे हीसुद्धा तेवढीच. शुद्ध स्वरांच्या सप्तकात अशा चार जोड्या निघतात. भूपातलं ग–प ऐकताना तुम्हाला कोमल गंधाराची आठवण तरी होते का? यमनातलं ‘नी रे’ ऐकून? मोजपट्टीवर सगळी सारखी असली तरी कानाला ती निराळी लागतात, कारण सा वेगळ्या ठिकाणी उभा आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना अंतर आधी शिकवत नाही. आधी नातं. नातं पक्कं झालं की अंतर आपोआप कळतं. उलट्या बाजूने मात्र हा प्रवास फार कमी जणांना जमलेला पाहिला.

यावर विश्वास ठेवू नका, पेटीवर करून बघा. फक्त पाच काळ्या पट्ट्या घ्या. काळी तीन सा मानून वर गेलात तर सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे स्वर मिळतात. त्याच पट्ट्या काळी चारपासून वाजवा, सा रे म प आणि कोमल नी येतील, मधमाद सारंगाचे. काळी पाच सा धरलीत तर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी: मालकंसाचे. काळी एकपासून दुर्गाचे आणि काळी दोनपासून धानीचे. एकही पट्टी बदलली नाही, शेजारच्या पट्ट्यांमधलं एकही अंतर बदललं नाही, बदलला तो फक्त सा. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. विशारद परीक्षेच्या पेपरात तिची व्याख्या लिहिणारे पुष्कळ असतात, पण पेटीपुढे बसून सलग पाचही करून ऐकणारे थोडे. प्रत्येक वेळी त्या त्या सा-चा तानपुरा लावून निदान दहा मिनिटं त्यातच फिरा, घाईघाईने पट्टी बदलू नका.

याहून कडक परीक्षा मारव्याची. स्वर कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. पंचम वर्ज्य, आणि सा-वर मुक्काम कमी. आता तानपुरा बंद करून पांढरी एकच्या हिशेबाने नुसते ध, नी, कोमल रे, ग, तीव्र म वाजवा. काय ऐकू आलं? भूप! ध हा सा वाटतो, नी रे वाटतो, कोमल रे चक्क शुद्ध ग होऊन बसतो, ग पंचम होतो आणि तीव्र म धैवत. मग पांढरी एकचा तानपुरा सुरू करा आणि तेच स्वर तसेच वाजवा. भूपाची प्रसन्नता गेलेली असेल, तिथे एक अस्वस्थ ताण येईल. मारवा गायला कठीण मानतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे: गळा सतत धैवताला सा करायला बघतो आणि गायकाला खरा सा मनात घट्ट धरून बसावं लागतं. ज्याला तानपुऱ्याशिवायही मारव्याचा भूप होऊ न देता ऐकता येतो, त्याचा कान तयार आहे असं मी मानतो. तुम्हाला हे लगेच जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. पण फरक एकदा अनुभवा, म्हणजे पुढचा सगळा सराव कशासाठी ते कळेल.

आता म आणि प. हा गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो आणि त्याला सबळ कारण आहे. सा ते प हे कंपनांचं नातं ३:२ चं. सा ते म ४:३ चं. पण म पासून तार सा पर्यंत जा, तिथे पुन्हा ३:२. आणि प पासून तार सा पर्यंत ४:३. म्हणजे दोन्ही अंतरं एकमेकांची उलटी बाजू आहेत. तुम्ही ‘प सां’ ऐकता, कान प-ला सा समजतो आणि तुम्ही ‘सा म’ असं उत्तर देता. अंतर बरोबर, नाव चूक. मालकंसासाठी पहिली तार मध्यमात लावलेला तानपुरा नवख्याला चकवतो तो असाच: मंद्र म आणि त्यावरचा सा यांत ३:२ चं नातं असल्यामुळे मध्यमच मूळ स्वर आहे आणि सा त्याचा पंचम आहे असं वाटू लागतं, आणि तो बेधडक मध्यमाला सा धरून गायला लागतो.

यावर उपाय असा. उत्तर देण्याआधी सा गुणगुणायचा. मोठ्याने नको, ओठ मिटून. मग ऐकलेल्या स्वरावरून सा-कडे खाली उतरून बघायचं. पंचमावरून ‘प म ग रे सा’ उतरताना चार पावलं लागतात, मध्यमावरून तीन. सुरुवातीला ही पावलं खरोखर मोजा, त्यात कमीपणा नाही. काही दिवसांनी मोजायची गरज उरत नाही, कारण पंचमाचा स्थिरपणा आणि मध्यमाची किंचित वर उचलल्यासारखी जागा हे दोन वेगळे चेहरे कानाला ओळखीचे होतात.

इथे तानपुऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण माझ्या मते स्वरज्ञानाचा निम्मा अभ्यास तानपुरा जुळवण्यातच होतो आणि ॲपवरचा तानपुरा आल्यापासून तो अभ्यास बुडाला. नेहमीची जुळणी म्हणजे पहिली तार मंद्र पंचम, मधल्या दोन जोडीच्या तारा मध्य सा, शेवटची खर्जाची, म्हणजे मंद्र सा. समजा जोडीचा सा २४० कंपनांचा आहे. शास्त्राच्या पुस्तकांतही उदाहरणाला बहुधा हाच आकडा घेतात. मंद्र पंचम १८० चा हवा. प्रत्येक तारेतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक स्वरही निघतात, ते उपस्वर. सा-चा तिसरा उपस्वर ७२०, पंचमाचा चौथाही ७२०. दोन्ही एकमेकांत विरघळतात. पंचमाची तार जरा उतरून १७९.५ झाली तर तिचा चौथा उपस्वर ७१८ होतो आणि आवाज सेकंदाला दोनदा कमी-जास्त होतो, म्हणजे दोन हेलकावे ऐकू येतात. तारेतला मणी सरकवत ते हेलकावे संथ करत न्यायचे आणि नाहीसे झाले की थांबायचं. पाच मिनिटांच्या या कामात षड्ज-पंचमाचं नातं कानात जेवढं बसतं तेवढं ॲपच्या शंभर प्रश्नांनी बसत नाही. घरी तानपुरा नसेल तर गिटार किंवा सतारीच्या दोन ताराही चालतील. मिरजेला जाऊन चांगल्या कारागिराकडचा तानपुरा घेता आला तर उत्तमच, पण हट्ट नाही.

जवारी (घोडीवर तार टेकते तिथली गुंजणारी घडण) नीट उघडलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून आणखी एक स्वर वर येतो, कोणी न छेडलेला गंधार. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. दिवे मालवून, डोळे मिटून तो शोधा. पहिल्या दिवशी सापडेलच असं नाही. एकदा सापडला की मग शुद्ध ग ओळखायला वेगळं काही करावं लागत नाही. तो मागे वाजतोच आहे, तुम्ही फक्त त्याच्यात मिसळायचं.

आणि इथे पेटी आडवी येते. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर वाटून दिलेले असतात. त्यात पंचमाचं फारसं बिघडत नाही: सा २४० असेल तर शुद्ध पंचम ३६०, पेटीचा ३५९.६. पण शुद्ध गंधार ३०० चा हवा तिथे पेटी ३०२.४ देते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सा आणि ग एकत्र दाबून कान लावलात तर सेकंदाला नऊ-दहा हेलकाव्यांची थरथर जाणवेल. धैवत आणि निषादही असेच थोडे चढे, कोमल गंधार उतरता. या वादाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची मोजमापं घेत बसले होते, आणि रेडिओने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ मध्ये कुठे सैल झाली. मी स्वतः पेटीचा द्वेष्टा नाही. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर यांनी त्याच बारा पट्ट्यांतून काय काढलं ते ऐकल्यावर तसं बोलायची हिंमतही होत नाही. मात्र कान तयार करण्याच्या काळात पेटी परीक्षक म्हणून वापरावी, गुरू म्हणून नव्हे. आधी तानपुऱ्यावर गळ्याने स्वर लावा, मग पेटीची पट्टी दाबून ‘हाच ना?’ एवढंच विचारा. आधी पट्टी दाबून मग तसा आवाज काढला तर बोट शिकतं आणि कान झोपतो.

गळ्याचं नाव काढलंच आहे तर हेही सांगतो: जो स्वर तुम्हाला गाता येत नाही तो ओळखताही येत नाही, निदान भरवशाने नाही. आवाज गोड असण्याशी याचा संबंध नाही. पेटी आणि तबला वाजवणाऱ्यांनासुद्धा मी गायला लावतो. सुरुवात अगदी जुन्या अलंकाराने: सा रे, सा ग, सा म, सा प, सा ध, सा नी, सा सां. दरवेळी सा-कडे परत यायचं. हा अलंकार प्रारंभिक परीक्षेच्या मुलांना शिकवतात आणि ती त्याचा तालात फडशा पाडून मोकळी होतात. तुम्ही तो लयीत घेऊ नका. सा म्हणा, थांबा, ध मनात ऐका, तो मनात स्पष्ट झाल्याशिवाय तोंड उघडू नका. मग गा, मग पेटीवर तपासा. मनात ऐकण्याची ही जी मधली शांत जागा आहे, खरा व्यायाम तिथेच होतो.

पहिल्या काही आठवड्यांत फक्त सा, प, सां आणि म घ्या. मग ग आणि रे. नंतर ध आणि नी. कोमल स्वर जोडीने शिकावेत, सुटे नव्हे: शुद्ध ग आणि कोमल ग आलटून पालटून, एकाच बैठकीत, कारण ओळख फरकातून होते. नी शुद्ध आहे की कोमल ते कळत नसेल तर त्यावरून तार सा-वर जाऊन बघा. शुद्ध नी अर्ध्या पावलात सां-ला टेकतो, कोमल नी-ला पूर्ण पाऊल टाकावं लागतं. कोमल रे आणि शुद्ध रे यांनाही हीच कसोटी, फक्त खाली सा-कडे. तीव्र मध्यम सर्वांत शेवटी. तो सप्तकाच्या बरोबर मध्यावर आहे, सा पासून सहा अर्धस्वर वर आणि सां पासून सहाच खाली, त्यामुळे ॲपमध्येही लोक त्यालाच फसतात. त्याला पंचमाच्या आधाराने पकडा: मनात प लावा आणि त्याच्या अर्ध्या पावलाने खाली या.

एकट्याने परीक्षा कशी घ्यायची? मोबाइलवर तानपुरा लावून दुसऱ्या फोनवर ध्वनिमुद्रण करा. पेटीवर एक स्वर वाजवा, चार-पाच सेकंद थांबा, मग त्याचं नाव तोंडाने म्हणा. असे तीस-चाळीस स्वर, क्रम वेडावाकडा. हे मुद्रण दोन-तीन दिवस बाजूला ठेवा म्हणजे क्रम विसराल. मग लोकलमध्ये, बसमध्ये ऐका आणि त्या रिकाम्या सेकंदांत उत्तर द्या. पुढच्या आठवड्यात एकेका स्वराऐवजी दोन-दोन, मग तीन-तीन. रोज पंधरा मिनिटं पुरे. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा ही रोजची पंधरा मिनिटं कितीतरी जास्त देतात.

गाण्यातले स्वर उतरवायला सुरुवात भजनाने किंवा सिनेमाच्या गाण्याने करू नका. तबल्याच्या एकलवादनाला पेटी किंवा सारंगी जो लेहरा धरते तिथून करा. सोळा मात्रांची एकच ओळ, शब्द नाहीत, स्वर बऱ्यापैकी उभे, आणि वीस मिनिटं तेच पुन्हा पुन्हा. चुकलात तर पुढच्या आवर्तनात दुरुस्त करायची सोय. पेटीवरचे लेहरे चंद्रकंसात पुष्कळ सापडतील: सा, कोमल ग, म, कोमल ध, शुद्ध नी. आधी सम शोधा, मग सा कोणता ते गुणगुणून नक्की करा, मग समेवरचा स्वर. एका बैठकीत ओळ पूर्ण झाली नाही तरी चालेल.

भजन आणि बंदिशीत पहिला स्वर सापडत नाही याचं कारण बहुतेक वेळा असं की तुम्ही सा ठरवण्याआधीच स्वर ठरवायला जाता. आधी दोन-तीन ओळी नुसत्या जाऊ द्या. तानपुरा ऐकू येत असेल तर तो, नाहीतर तबला कशात मिळवला आहे ते ऐका. बहुधा सा-त असतो, पण कधी म किंवा प-तही लावतात, म्हणून एकट्या तबल्यावर विसंबू नका. ओळ संपताना गायक कुठे विसावतो तेही बघा. मग मुखड्याकडे वळा आणि फक्त मुक्कामाचे स्वर लिहा, मधली जागा मोकळी सोडा. आपल्या गाण्यात स्वर सरळ उभा क्वचितच राहतो. त्याला कण म्हणजे शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श लागतो, मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं येतं. भीमपलासचा कोमल ग मध्यमाचा कण घेऊन येतो, म्हणून नवखा त्याला म म्हणतो किंवा दोन्हींच्या मधे शुद्ध ग ठरवून मोकळा होतो. दरबारीचा आंदोलित, म्हणजे संथ झुलणारा गंधार तर अजून वर्षभर बाजूलाच ठेवा. कॉर्डवर (एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांवर) बेतलेल्या सिनेमाच्या गाण्यांत खालची संगत बदलत राहते आणि सा हलल्याचा भास होतो. ती शेवटी घ्या.

उतरत्या अंतरांचं दुखणं वेगळं आहे आणि सोपं आहे. चढते स्वर आपण रोज गातो, मंद्र सप्तकात उतरणं टाळतो. त्यामुळे सा वरून खाली तीन अर्धस्वर म्हटल्यावर कान रिकामा असतो. त्याला मंद्र ध म्हणायला शिका. मघाच्या अलंकाराचीच खालची बाजू रोज घ्या: सा, मंद्र नी, सा, सा, मंद्र ध, सा, सा, मंद्र प, सा. आवाज तिथे पोचत नसेल तर पट्टी चढवून घ्या. काळी एकमध्ये गाणाऱ्याने या व्यायामापुरती काळी तीन घेतली तर काही बिघडत नाही.

ॲप बंद करायची गरज नाही, त्याची मांडणी बदला. पहिला स्वर दर प्रश्नाला बदलण्याऐवजी कायम एकच ठेवण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, ती चालू करा आणि त्याच पट्टीचा तानपुरा शेजारी वाजत ठेवा. उत्तर ‘मेजर सिक्स्थ’ असं देण्याआधी तोंडाने ‘ध’ म्हणा. दोन स्वर एकदम वाजवणारे प्रश्न सध्या वगळा. महिनाभर असं केल्यावर सा कायम ठेवून दुसऱ्याच दोन स्वरांमधलं अंतर विचारणारे प्रश्न घ्या, म्हणजे रे–म, ग–नी, तीव्र म–नी वगैरे, आणि प्रत्येक वेळी आधी दोन्ही स्वरांची नावं, मग अंतर. ॲपमध्ये तशी सोय नसेल तर आपलं मुद्रण आहेच.